पेन्सिलीने लिहिलेलं नाव

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. स्वरयंत्रात सूज नाही, गाठ नाही. आवाज सोमवार ते शनिवार सकाळी जातो, रविवारी जात नाही, कृपया बघावं.

फेब्रुवारी २०२३. इंदूरमध्ये लोकमान्य नगरात माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे, तिथे चाळिशी ओलांडलेल्या एक शिक्षिका ही चिठ्ठी घेऊन आल्या. एका खाजगी शाळेत २०१० च्या जुलैपासून शिकवत होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी जवळजवळ कुजबुजत बोलल्या. काही गोष्टी तर वहीच्या मागच्या पानावर लिहूनच दाखवल्या.

त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि शाळेचं नाव कुठेही येणार नाही. त्यांना मी ‘बाई’ म्हणणार आहे. त्यांच्या शाळेत सगळ्यांना मॅडम म्हणतात, पण मी मराठी शाळेत शिकले, माझ्यासाठी शिकवणारी ती बाईच.

केबिनमधली एक खुर्ची

शाळा काढणारे गृहस्थ भले होते असं बाई सांगत. त्यांच्यानंतर कारभार घरातल्याच तरुण माणसाच्या हातात गेला, ते झाले संचालक. त्यांनी पहिल्या आठवड्यात केबिनमधल्या समोरच्या दोन खुर्च्या उचलायला लावल्या. तेव्हापासून आत जो जाईल तो उभा. पालकांसाठी मात्र शिपाई बाहेरून खुर्ची आणून ठेवतो.

“सर आवाज चढवत नाहीत, ताई. चढवला असता तर परवडलं असतं,” बाई म्हणाल्या. सर हळू बोलत, हसत बोलत. “मैडम, आपको आता क्या है, यह मैं आज तक समझ नहीं पाया।” हे वाक्य ते आठवीच्या वर्गात, मुलांसमोर म्हणाले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका पालकाने बाईंबद्दल तक्रारीचं पत्र दिलं. सरांनी ते सकाळच्या प्रार्थनेनंतर माइकवरून बाईंनाच वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाले, पीछे तक सुनाई नहीं दिया, फिर से पढ़िए। त्यानंतरच्या सोमवारी आवाज पहिल्यांदा गेला.

पगाराची पद्धत समजून घ्यायला मला दोन बैठका लागल्या, कारण बाईंना ती सांगायचीच लाज वाटत होती. दर महिन्याच्या तीन तारखेला बँकेत २२,००० रुपये जमा होत. पाच तारखेच्या आत त्यातले ९,००० रोख काढून कार्यालयात परत द्यायचे. कागदावर बावीस, हातात तेरा. कार्यालयात खाकी पाकिटांचा एक गठ्ठा असे. प्रत्येक पाकिटावर एका शिक्षिकेचं नाव, पेन्सिलीने लिहिलेलं. त्यात पैसे घालून पाकीट बाबूंच्या हातात द्यायचं. बाबू नोटा मोजून घेत, पाकीट रिकामं करून पुन्हा गठ्ठ्यात ठेवत. कोणी नोकरी सोडून गेली की खोडरबराने नाव पुसायचं आणि नवीन आलेलीचं लिहायचं. बाईंच्या पाकिटावर त्यांच्या नावाखाली आधीच्या एका नावाचा वळ अजून दिसत होता.

याशिवाय दोन गोष्टी. नोकरीला लागताना ‘तपासणीसाठी’ म्हणून घेतलेली पदवीची आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं परत मिळालीच नव्हती. आणि दर एप्रिलमध्ये एका टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही करून द्यावी लागे. तारखेची जागा कोरी.

खाजगी शाळांत, छोट्या दवाखान्यांत, दुकानांत काम करणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. या तीन युक्त्यांपैकी एखादी तरी नेहमी निघते. दंडुका कोणीच वापरत नाही. कागद अडकवून ठेवतात, किंवा कागद उरूच देत नाहीत.

मी आधी काय केलं

माझं इथे चुकलं, आणि ते सविस्तर सांगायला हवं.

मी आवाजावर काम केलं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. ओठ मिटून गुणगुणायचं, मग त्या गुणगुणण्यातूनच शब्द काढायचा. वाचा-उपचार करणाऱ्या एका सहकाऱ्याची मदत घेतली. सरांकडे बघून घाबरायला झालं की पायाचे तळवे जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष न्या, असं शिकवलं. हे सगळं योग्यच आहे, लागूही पडतं. तीन आठवड्यांत सकाळचा आवाज परत आला.

चौथ्या बैठकीत बाई आनंदाने म्हणाल्या, “आता ‘जी सर’ अगदी स्पष्ट म्हणता येतं.” त्याच आठवड्यात त्यांनी बसची जादा ड्यूटी आणि आजारी असलेल्या एका सहशिक्षिकेचे दोन तास अंगावर घेतले होते. नाही म्हणायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांचा आवाज दुरुस्त करून त्याच केबिनमध्ये परत पाठवला होता. त्यांची सोसण्याची ताकद वाढवली होती, आणि वाढलेली ताकद लगेच वसूलही झाली होती. आपल्याकडे कणखर म्हटलं की सोसणाराच डोळ्यांसमोर येतो. ‘किती सोसलं बिचारीने’ हे आपण कौतुकाने म्हणतो. मीही तेच मनात धरून बसले होते.

शिकताना वाचलेला एक प्रयोग मग पुन्हा काढला. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना ते थांबवता येत होते, काहींना काही केल्या थांबवता येत नव्हते. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की झटका चुकतो. ज्यांच्या हातात आधी काहीच नव्हतं, त्यांतले बरेचसे कुत्रे उडी न मारता तिथेच पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं, आणि जगभर तेच शिकवलं गेलं. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. त्रास लांबला की निपचित पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपण काही केलं तर काही बदलतं. हा अनुभव एकदा आला की मेंदूचा पुढचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो, आणि पुढच्या संकटातही त्याचा उपयोग होतो. ज्या कुत्र्यांना आधी झटका थांबवता आला होता, ते नंतर सहज हार मानत नव्हते.

बाईंचा आवाज जाणं म्हणजे दुबळेपणा नव्हता, एवढं तर यातून कळलंच. माझं खरं काम काय हेही कळलं. त्यांच्या हाताने काहीतरी घडायला हवं होतं. लहान चालेल, पण खरं. केबिनच्या बाहेर नाही, आतच.

“पावती घेतेस का?”

ते लहानसं काय असावं हे मला सुचलं नाही. सुचलं बाईंच्या सासूबाईंना.

पाकिटाचा प्रकार बाईंनी घरात लपवला होता. नवऱ्याला माहीत होता, सासूबाईंना नाही. मी म्हटलं, घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला तरी सांगा. बाईंना वाटलं त्या रडतील, नाहीतर म्हणतील सोड नोकरी. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पावती घेतेस का?”

हा प्रश्न कुठून आला ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये विणकर होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा जवळपास सहा हजार कामगार रस्त्यावर आले, देणी बुडाली. खटला तीस वर्षांच्या वर चालला. कामगार दर रविवारी मिलच्या आवारात जमत राहिले. काही वारले, तेव्हा त्यांच्या बायका आणि मुलं येऊ लागली. सासूबाईही यजमानांच्या मागे कित्येक वर्षं रविवारच्या सभेला जात होत्या, गुडघे दुखायला लागेपर्यंत.

त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, मी ती पुढे पाहिली. आत दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत कागद: पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचं कार्ड, फंडाच्या स्लिपा, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, कोर्टाच्या तारखांचे उतारे. वर्षांप्रमाणे लावलेले. त्या फक्त चौथी शिकलेल्या. “साहेब बदलतात, वकील बदलतात,” त्या म्हणाल्या. “कागद आपल्याकडे पाहिजे.” सुनेला त्यांनी एक रिकामी पिशवी दिली.

मला सासूबाईंबद्दल फार आदर वाटतो. मी पुस्तकातून जे शोधत होते, ते त्यांनी कित्येक वर्षं रविवारी उन्हात उभं राहून मिळवलं होतं.

पेन

पाकिटाची पावती कोणी देणार नव्हतं. पण बाईंनी मार्चच्या पगाराला एक केलं. पेन्सिलीच्या नावावर निळ्या पेनाने नाव गिरवलं, खाली रक्कम आणि तारीख घातली, घरीच मोबाईलवर फोटो काढला आणि पाकीट दिलं. बाबूंनी नोटा मोजल्या, पाकीट उलटं केलं.

“मैडम, पेन से नहीं लिखना था।”

“गलती से हो गया, भैया।”

एवढंच झालं. बाबू दोन क्षण पाकिटाकडे बघत राहिले आणि ते गठ्ठ्यात गेलं. आता ते नाव पुसता येणार नव्हतं. हे मला सांगताना बाई पहिल्यांदा हसल्या. आवाज एकदम मोकळा होता, गुणगुणण्याचा सराव न करता.

बँकेचं पासबुक त्यांनी भरून आणलं आणि लाल पेनाने खुणा केल्या. तीन तारखेला जमा २२,०००. चार तारखेला एटीएममधून ९,०००. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. पानामागून पान. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाईलवर उघडून पाहिलं, तर सात महिने पगारातून १,८०० कापलेले होते आणि निधीत भरलेले नव्हते. ही गोष्ट त्यांना माहीतच नव्हती, आणि तिचा राग त्यांना पाकिटापेक्षा जास्त आला. हा राग मी शांत केला नाही. खूप दिवसांनी त्यांना स्वतःसाठी काही वाटत होतं.

मग मी सर झाले. डोनाल्ड मायकेनबॉम या मानसशास्त्रज्ञाने तणावासाठी लसीसारखी पद्धत बसवली आहे: आधी आपल्याला काय होतं ते समजून घ्यायचं, मग सुरक्षित जागी थोड्याथोड्या मात्रेत त्याच प्रसंगाचा सराव करायचा, मग प्रत्यक्षात उतरायचं. मी खुर्चीत बसले, त्यांची खुर्ची बाहेर ठेवली. “हाँ, बोलिए,” मी हळू आवाजात म्हटलं, आणि बाईंचा आवाज माझ्या खोलीतच गेला. तिथून सुरुवात झाली.

लांबलचक उत्तरं आम्ही टाकून दिली. घाबरलेला माणूस लांब वाक्यात अडखळतो आणि समोरचा नेमका तो धागा ओढतो. एकच वाक्य ठरवलं: “सर, मैं पढ़कर बताऊँगी।” यात नकार नाही, उद्धटपणा नाही, खोटंही नाही. तीस-चाळीस वेळा म्हटलं असेल. पंखा बंद करून, उभं राहून, मी मध्ये मध्ये हसत, टेबलावर बोटं वाजवत. “इसमें पढ़ने का क्या है?” या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यायचं नाही. तेच वाक्य पुन्हा, तेवढ्याच स्वरात.

सोबत कोण, हा प्रश्न राहिला. स्टाफरूममध्ये सरांविरुद्ध सगळ्यात जास्त बोलणारी एक शिक्षिका होती, बाईंना वाटलं ती येईल. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या शेजारी बसणं सोडलं. तिच्या घरी काय परिस्थिती होती ते आपल्याला माहीत नाही, म्हणून तिच्यावर राग धरायचा नाही असं आम्ही ठरवलं. साथ दिली ती संगीताच्या तरुण शिक्षिकेने. ती स्टाफरूममध्ये कधी तोंड उघडत नसे. पण उशिराचा दंड कापला गेला की तारीख आणि रक्कम स्वतःच्या डायरीत टिपून ठेवत असे. बाईंनी ती डायरी एकदा पाहिली आणि ओळखलं.

सगळ्यांना गोळा करायचा हट्ट मी धरत नाही, त्याला कारण आहे. स्टॅनली मिलग्रम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात हुकमाचं बळ तपासलं होतं. वरच्याने सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जण दुसऱ्याला शेवटच्या खटक्यापर्यंत (खोटे, पण त्यांना खरे वाटणारे) झटके देत गेले. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारच्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. दोघं पुरले. आपल्याला तर एकच हवी होती.

चाळीस मिनिटं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजीनाम्याचा कागद आला. हा प्रसंग बाईंनी मला तीनदा सांगितला, दर वेळी एखादा बारकावा नवा असायचा.

सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन वर ठेवलं. बाई म्हणाल्या, “सर, मैं पढ़कर बताऊँगी।”

“हर साल का काग़ज़ है, मैडम।”

“जी सर। मैं पढ़कर बताऊँगी।”

सर हसले. संगणकाकडे वळले आणि काम करू लागले. जा म्हणाले नाहीत. बाई उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं, अकरा वाजून दहा मिनिटं. उन्हाळा सुरू झालेला, एसीची हवा थेट मानेवर येत होती. गुडघे थरथरायला लागले तेव्हा त्यांनी तळवे जमिनीवर दाबले, मोजत श्वास सोडला. (जो श्वास मी सोसण्यासाठी शिकवला होता, तोच इथे टिकण्यासाठी कामी आला. त्यामुळे ते तीन आठवडे अगदीच वाया गेले असं आता मला वाटत नाही.) दार उघडं होतं. थोड्या वेळाने संगीताची शिक्षिका हजेरीपट घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिली. तिचा तास रिकामा नव्हता. ती काहीच बोलली नाही, फक्त दिसत राहिली.

अकरा पन्नासला सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “जाइए।” बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, “पढ़कर बताती हूँ सर,” म्हटलं आणि बाहेर आल्या. कागद उचलायचं आम्ही ठरवलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं.

पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून त्या दहा मिनिटं किल्ली फिरवू शकल्या नाहीत, हात कापत होता. मला फोन केला. आवाज घोगरा होता, पण होता. संध्याकाळी तो कोरा राजीनामा सासूबाईंच्या पेटीत दुधाच्या पिशवीत गेला. त्यावर सही झाली नाही. सरांनी पुन्हा मागितलाही नाही.

जून

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. अशा प्रसंगानंतर काय होतं ते न सांगता ‘हिंमत करा’ म्हणणं मला पटत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाईंकडून आठवीचं विज्ञान काढून घेतलं होतं. पहिलीचा वर्ग आणि दोन्ही वेळची बस ड्यूटी दिली. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी अर्ध्या दिवसाची रजा नाकारली. जुलैचा पगार तीन तारखेऐवजी बावीस तारखेला आला. पुन्हा आवाज गेला, झोप तीन तासांवर आली, वजन उतरलं. बाई माझ्यासमोर बसून भिंतीकडे बघत राहायच्या.

मी सरळ विचारलं, जगू नये असं वाटतं का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. “सकाळ होऊच नये असं वाटतं,” म्हणाल्या. हा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट आतला बाहेर येतो. त्याच दिवशी त्यांच्या यजमानांना बोलावलं, त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं, औषधं सुरू झाली आणि चार महिने चालली. ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. गोळी घेतली म्हणजे आपण कच्च्या, असं बाईंना वाटत होतं. पाय मोडलेल्या माणसाला प्लास्टर घातलं म्हणून तो कमी चालणारा ठरत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

ऑगस्टमध्ये झोप सुधारली, तेव्हा एका संध्याकाळी त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई असे तिघं हिशेबाला बसले. हातात १३,०००, त्यातून जाण्यायेण्याचं पेट्रोल, औषधं. घरी सहावी ते आठवीच्या मुलांच्या विज्ञान-गणिताच्या शिकवण्या घेतल्या तर किती? दहा मुलं मिळाली की नोकरीइतकंच होतं. हा आकडा कागदावर आला तेव्हा नोकरी अचानक लहान दिसू लागली, असं बाई म्हणाल्या. सरांची सत्ता त्या तेरा हजारांवर आणि अडकवलेल्या प्रमाणपत्रांवर उभी होती. प्रमाणपत्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठी विद्यापीठात रीतसर अर्ज आणि फी भरून झाली आणि तोही खिळा निघाला.

लढाई आतूनच लढली पाहिजे असं मानणारे लोक आहेत. मी तशी नाही. बाहेर पडायचं की राहायचं हे बाईंनी ठरवायचं होतं, फक्त घाबरून नाही, हिशेब करून.

सारख्या खुर्च्या

ऑगस्टच्या अखेरीस बाईंनी एक महिन्याच्या मुदतीचा राजीनामा रजिस्टर्ड पोस्टाने, पोच-पावतीसह पाठवला. जुने कोरे राजीनामे सरांच्या कपाटात होतेच, पण त्यांच्या आधी हा तारखेचा जाऊन बसला. ३० सप्टेंबर २०२३ हा शेवटचा दिवस. दोनच दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, निघाल्या होत्या. सासूबाई गुडघ्यांना पट्टा बांधून गिरण्यांच्या झांक्या बघायला गेल्या होत्या, सून बरोबर होती.

कायद्याचं बघायला कामगार खटल्यांतले एक निवृत्त वकीलकाका मिळाले. ग्रॅच्युइटी मागायची हे त्यांनीच सुचवलं. शाळेचं उत्तर ठरलेलं होतं, “टीचर को ग्रेच्युटी नहीं मिलती।” एके काळी हे खरं होतं. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा १९७२ चा होता, आणि शिक्षक त्याच्या व्याख्येत बसत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं होतं. त्यावर संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. म्हणजे खाजगी शाळेतल्या शिक्षिकेलाही ती मिळत होती, पाच वर्षांची सलग नोकरी झालेली हवी होती.

हिशेब वकीलकाकांनी बाईंकडूनच करवून घेतला. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. आणि पगार कोणता? कागदावरचा. वर्षानुवर्षं ज्या बावीस हजारांनी बाईंना लाजवलं, तेच आता त्यांच्या बाजूने उभे राहिले. २२,००० च्या हिशेबाने १३ वर्षांचे १,६५,००० रुपये झाले. पगार खरं तर तेराच हजार होता असं शाळेला म्हणता येईना, कारण ते म्हटलं की पाकिटांचं सांगावं लागलं असतं.

अर्ज दिला, कायद्यातले ३० दिवस गेले, पैसे आले नाहीत. मग कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज झाला. निधीच्या सात महिन्यांची तक्रार वेगळी, भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर. पहिल्या सुनावणीला संचालक वकिलासह आले. त्या खोलीत सगळ्यांना सारख्याच प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बाई त्यांच्या समोर बसल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, नोकरी किती वर्षं, आणि बाईंनी उत्तर दिलं. आवाज कसा होता, असं मी नंतर विचारलं. “माझ्या लक्षातच नाही आलं,” म्हणाल्या.

ग्रॅच्युइटीची मूळ रक्कम फेब्रुवारी २०२४ पर्यंत दोन धनादेशांत मिळाली. व्याज बाईंनी सोडून दिलं. निधीचे सात महिने भरले गेले. मूळ प्रमाणपत्रं एके दिवशी शिपायाच्या हातून घरी आली, सोबत पत्र नव्हतं. पाकिटांतून गेलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. वकीलकाकांनी सांगितलं की पासबुकातल्या खुणांवरून संशय दाखवता येतो, शाबीत करणं अवघड, आणि वर्षं जातील. बाईंनी नको म्हटलं. सासूबाईंना ते पटलं नाही, मलाही आतून पटलेलं नाही. पण जूनमधल्या त्या भिंतीकडे बघणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत.

मधल्या काळात, २५ डिसेंबर २०२३ ला, हुकुमचंद मिलच्या कामगारांसाठी सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला. सासूबाईंनी कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. वारसांच्या यादीत त्यांचं नाव होतं. बातम्या संपल्यावर त्यांनी पेटी उघडली, मिलच्या पिशव्या एका बाजूला सरकवल्या आणि सुनेच्या कागदांसाठी जागा केली.

बाई आता घरी सोळा मुलांना शिकवतात. दिवसाला चार तास सलग बोलतात. आवाज क्वचित बसतो, सर्दी झाली की.

संगीताची शिक्षिका अजून त्याच शाळेत आहे. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. पाकिटांवर आता नावं लिहीत नाहीत म्हणाली, नुसते आकडे असतात.

“माझा अकरा आहे,” तिने सांगितलं, आणि पर्समधून डायरी काढून पान उघडलं.